वयाच्या चाळिशीत गिटार शिकता येते का? बोटं दुखतात, कॉर्ड बदलत नाही, वेळ मिळत नाही… प्रत्येक अडचणीवर उपाय आहे!

मंडळी, आपल्यापैकी कितीतरी घरांत एक गिटार असते. कधी कपाटावर, कधी दिवाणामागे. काळ्या कव्हरमध्ये, वर धुळीचा थर, एक तार तुटलेली. कॉलेजात असताना हौसेने घेतलेली, किंवा मुलाने चार महिने क्लास करून सोडून दिलेली. दिवाळीच्या साफसफाईत ती खाली उतरते, कुणीतरी तारा छेडून बघतं, आणि "आता या वयात कुठे जमणार?" म्हणत परत वर ठेवून देतं.

आजचा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. तिशी, चाळिशी, अगदी साठी ओलांडल्यावर अकूस्टिक गिटार शिकता येते का? येते. पण पहिल्या तीन महिन्यांत काय होणार, हे आधी माहीत असायला हवं. बहुतेक प्रौढ माणसं गिटार सोडतात ती वय झालं म्हणून नव्हे, तर सुरुवातीला सगळ्यांनाच येणाऱ्या अडचणी फक्त आपल्यालाच येताहेत असं वाटल्यामुळे.

वय आड येतं का?

लहान मुलं लवकर शिकतात हे खरं, पण त्यांच्याकडे वेळही भरपूर असतो आणि चुकल्याची लाजही नसते. मोठ्या माणसाला बेसूर वाजवलेलं लगेच कळतं, कारण त्याच्या कानांनी आयुष्यभर चांगलं संगीत ऐकलेलं असतं. कान पुढे आणि बोटं मागे, अशी ती अवस्था असते. त्रास होतो खरा, पण हेच मोठ्या माणसाचं भांडवलही आहे. काय ऐकू यायला हवं हे त्याला आधीच ठाऊक असतं. शिवाय त्याला सराव का करायचा हे कळतं आणि चूक नेमकी कुठे होते हे शोधता येतं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ गॅरी मार्कस यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर गिटार हातात घेतली. आपल्याला लय अजिबात नाही, असं त्यांचं स्वतःबद्दलचं मत होतं. मोठ्या वयात मेंदू नवं वाद्य कसं शिकतो, हा त्यांच्या अभ्यासाचाही विषय झाला आणि २०१२ मध्ये त्यांचं 'गिटार झिरो' हे पुस्तक आलं. ते काही जगप्रसिद्ध वादक झाले नाहीत. पण वाजवायला शिकले, आणि आपल्याला तरी दुसरं काय हवं असतं?

गिटार निवडताना काय बघायचं?

अकूस्टिक गिटारचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक स्टीलच्या तारांची, जी आपण सिनेमांत आणि रील्समध्ये बघतो. दुसरी नायलॉनच्या तारांची, म्हणजे क्लासिकल गिटार. नायलॉनच्या तारा बोटांना मऊ लागतात, पण त्या गिटारची मान रुंद असते. वरच्या टोकाला साधारण ५२ मिलिमीटर. स्टीलच्या गिटारची तिथली रुंदी साधारण ४३ ते ४५ मिलिमीटर. हात लहान असेल तर रुंद मानेवर बोटं ताणावी लागतात. गाण्याला साथ करायची असेल तर स्टील, आणि बोटांनी सुटे सूर वाजवायची आवड असेल तर नायलॉन, असा साधा हिशेब ठेवा.

दुकानात जी मोठ्या पोटाची गिटार सर्रास दिसते तिला ड्रेडनॉट म्हणतात. १९०६ सालच्या ब्रिटिश युद्धनौकेवरून हे नाव आलं आणि मार्टिन कंपनीने अशी पहिली गिटार १९१६ मध्ये बनवली. आवाज दणदणीत, पण खुर्चीत बसून वाजवताना उजवा खांदा वर उचलला जातो. ज्यांचा खांदा आधीच कॉम्प्युटरपुढे बसून आखडलेला आहे त्यांनी थोडी लहान आकाराची गिटार मांडीवर घेऊन बघावी.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तारा मानेपासून किती उंच आहेत ते बघा. या उंचीला 'ॲक्शन' म्हणतात. तपासायची एक सोपी युक्ती आहे. साधं, सपाट एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं. बाराव्या फ्रेटवर, सगळ्यात जाड तारेखाली, तीन कार्डं एकावर एक ठेवून त्यांचा कोपरा सरकवा. तीन कार्डं जेमतेम बसली तर ॲक्शन ठीक आहे. पाच कार्डं आरामात गेली तर ती गिटार नवशिक्याच्या बोटांचे हाल करणार. ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या अनेक गिटारींची अडचण इथेच असते. दोष गिटारचा असतो आणि माणूस स्वतःला नालायक समजत बसतो!

जुनी गिटार घरात असेल तर नवी घ्यायची घाई नको. वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, तारा बदला, ॲक्शन खाली करून घ्या. बऱ्याचदा तेवढ्यात काम भागतं.

ट्यूनिंग: पेटी माहीत असेल तर अर्धं काम झालं

गिटारला सहा तारा. सगळ्यात बारीक तार पहिली आणि सगळ्यात जाड सहावी. घरात पेटी असेल तर तिच्या पट्ट्यांशी त्यांचं नातं असं आहे:

- सहावी (सर्वांत जाड): ई, पांढरी तीन, सुमारे ८२ हर्ट्झ
- पाचवी: ए, पांढरी सहा, ११० हर्ट्झ
- चौथी: डी, पांढरी दोन, सुमारे १४७ हर्ट्झ
- तिसरी: जी, पांढरी पाच, १९६ हर्ट्झ
- दुसरी: बी, पांढरी सात, सुमारे २४७ हर्ट्झ
- पहिली (सर्वांत बारीक): ई, पुन्हा पांढरी तीन, पण दोन सप्तकं वर, सुमारे ३३० हर्ट्झ

मोबाईलवर मोफत ट्यूनर ॲप मिळतात, तार छेडली की ते सूर दाखवतात. हातात घेतली की आधी ट्यून करायची, मगच वाजवायची, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. बेसूर गिटारवर अचूक कॉर्डसुद्धा चुकीची वाटते.

कानाने जुळवायचं असेल तर सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबा, तो सूर मोकळ्या पाचव्या तारेचा. पाचवी पाचव्या फ्रेटवर दाबली की चौथीचा, चौथी दाबली की तिसरीचा. फक्त तिसरी तार चौथ्या फ्रेटवर दाबायची, तेव्हा दुसरीचा सूर मिळतो. दुसरी पुन्हा पाचव्यावर दाबली की पहिलीचा.

बोटं दुखतात, हे कधी थांबणार?

साधारण दोन ते चार आठवड्यांत, रोज थोडं थोडं वाजवलं तर. स्टीलच्या सहा तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. अशा तारेवर मऊ बोट दाबलं की दुखणारच. हळूहळू टोकांची कातडी घट्ट होते आणि त्रास थांबतो. तोवर हे करा:

- बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या मागे ठेवा. मध्यभागी दाबलं तर जास्त जोर लागतो आणि तार खरखरते.
- बोट तारेवर फक्त टेकवा, तार छेडत राहा आणि हळूहळू दाब वाढवा. सूर स्वच्छ आला की थांबा. तेवढाच जोर पुरतो. बहुतेक जण याच्या दुप्पट जोर लावतात.
- बारीक जाडीच्या तारा लावून घ्या. दुकानात 'एक्स्ट्रा लाइट' किंवा 'टेन' म्हणून मागा.
- दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून सराव करा. तारा मानेजवळ येतात आणि दाबायला सोप्या जातात.
- डाव्या हाताची नखं कापलेली हवीत.
- अंघोळ किंवा भांडी झाल्यावर लगेच वाजवू नका. भिजलेली कातडी लवकर सोलवटते.

एक फरक मात्र नीट लक्षात ठेवा. बोटांच्या टोकांना चुरचुरणं ठीक आहे. मनगटात कळ, अंगठ्याच्या मुळाशी दुखणं, हाताला मुंग्या येणं हे ठीक नाही. तसं झालं की त्या दिवशी थांबा. मनगट फार वाकतंय का, अंगठ्याने मान आवळली जातेय का ते बघा. तरी त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवा. दुखणं सहन करत सराव करण्यात काही शौर्य नाही.

पहिल्या कॉर्ड कोणत्या?

दहा कॉर्डचा तक्ता भिंतीवर लावून सगळ्या एकदम शिकायला जाऊ नका. क्रम असा ठेवा.

*ई मायनर.* पाचवी आणि चौथी तार दुसऱ्या फ्रेटवर दाबा, बाकी सगळ्या मोकळ्या. दोन बोटांत पहिली कॉर्ड तयार!

*ई मेजर.* वरच्यातच तर्जनी तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला ठेवा.

*ए मायनर.* ई मेजरचाच आकार तसाच उचलून प्रत्येक बोट एक तार खाली, म्हणजे बारीक तारांच्या बाजूला न्या. चौथी आणि तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर, दुसरी तार पहिल्यावर.

*सी.* ए मायनर धरलेली असताना तर्जनी आणि मधलं बोट हलवायचंच नाही. अनामिका तेवढी उचलून पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला ठेवा.

पाहिलंत? चार कॉर्ड, पण प्रत्येक वेळी बदल अगदी थोडा. यानंतर जी आणि डी शिका. एवढ्या शिदोरीवर असंख्य साधी गाणी वाजवता येतात.

आणि ती बदनाम एफ? एका बोटाने सहाही तारा दाबायची ही कॉर्ड अनेकांना गिटार सोडायला लावते. तिला सहा महिने बाजूला ठेवा. तोवर चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर, तिसरी दुसऱ्यावर, दुसरी पहिल्यावर दाबा, पहिली मोकळी ठेवा आणि फक्त या चार तारा वाजवा. ही एफ मेजर सेव्हन. बऱ्याच गाण्यांत ती गोड लागते आणि काम भागवते.

कॉर्ड बदलताना गाणं थांबतं, काय करू?

एक मिनिटाचा टायमर लावा. दोनच कॉर्ड घ्या, समजा ए मायनर आणि सी. मिनिटभरात किती वेळा बदलता येतात ते मोजा आणि वहीत लिहा. पहिल्या दिवशी आठ-दहा येतील. उद्या पुन्हा मोजा. आकडा तीसच्या पुढे गेला की त्या दोन कॉर्डचं गाणं न थांबता वाजू लागतं. आपल्याला प्रगती जाणवत नाही, वही मात्र ती नोंदवून ठेवते.

उजवा हात: केरवा आणि दादरा कामी येतो

नवशिके सगळं लक्ष डाव्या हाताकडे देतात. पण ऐकणाऱ्याला डाव्या हाताची चूक एकवेळ चालते, लय तुटलेली चालत नाही.

भजनं ऐकत मोठं झालेल्या माणसाच्या अंगात केरवा आणि दादरा असतोच. केरव्याच्या आठ मात्रा म्हणजे खाली-वर, खाली-वर असे आठ फटके. दादऱ्याच्या सहा मात्रा म्हणजे सहा. आधी सगळ्या तारांवर डावा हात हलकेच टेकवून आवाज बंद करा आणि फक्त लय वाजवा. मग एखादा फटका हवेत सोडा. तार लागली नाही तरी हात मात्र खाली-वर हलतच राहिला पाहिजे. मेट्रोनोम साठच्या गतीवर लावून सुरुवात करा. जमलं नाही तर गती कमी करा. कॉर्ड चुकली तरी थांबू नका, पुढच्या समेवर येऊन मिळा. साथ करणं म्हणजे तेच.

माझी पट्टी काळी चार आहे, गिटारवर कसं गाऊ?

कॅपो लावा. हा छोटासा चिमटा तुमचा पट्टीचा प्रश्न सोडवतो. पहिल्या फ्रेटवर लावला की सगळ्या तारा एक पट्टी वर जातात. म्हणजे सी कुटुंबातल्या कॉर्ड वाजवल्या तर पांढरी एकऐवजी काळी एक, आणि जी कुटुंबातल्या वाजवल्या तर पांढरी पाचऐवजी काळी चार. बोटांचे आकार तेच राहतात.

मराठी भावगीतांत मींड आणि मुरक्या भरपूर असतात. त्या सगळ्या गिटारवर काढायच्या मागे लागू नका. गिटारने सूर आणि ताल धरायचा, मुरकी गळ्याने घ्यायची. कॉर्ड कमी बदलतात अशी गाणी आधी निवडा. आवडतं गाणं कठीण असेल तर ते वर्षभरासाठी राखून ठेवा.

वेळ कुठून आणायचा?

रविवारी दोन तासांपेक्षा रोजची पंधरा मिनिटं जास्त फळ देतात. बोटांच्या हालचाली अंगवळणी पडायला मधली झोप आणि विश्रांतीही लागते. ही पंधरा मिनिटं अशी वाटता येतील:

- २ मिनिटं: ट्यूनिंग आणि मोकळ्या तारांवर लय
- ५ मिनिटं: कॉर्ड बदलण्याचा सराव
- ५ मिनिटं: चालू असलेलं गाणं, त्यातही अडणारी जागा आधी
- ३ मिनिटं: मनाला येईल ते!

शेवटची तीन मिनिटं वगळू नका. आनंद त्यातच आहे.

गिटार कव्हरमध्ये ठेवू नका. स्टँडवर, डोळ्यांसमोर ठेवा. चेन उघडायचा कंटाळा हे सराव बुडायचं फार मोठं कारण आहे. रात्री शेजाऱ्यांची चिंता असेल तर ब्रिजजवळ तारांखाली एक मऊ फडकं सारा, आवाज निम्म्याहून कमी होतो.

पावसाळा मात्र अपवाद. गिटारच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये हवा याच्या कितीतरी पुढे असते. लाकूड फुगतं, तारा उंच होतात, गंज चढतो. त्या दिवसांत गिटार कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या कापडाने पुसा. उन्हाळ्यात बंद गाडीत गिटार विसरू नका, डिंक सुटू शकतो.

क्लास लावावा की यूट्यूब पुरे?

माहितीसाठी यूट्यूब भरपूर आहे. जस्टिन सँडरको यांच्या जस्टिनगिटार या साइटवर तर नवशिक्यांसाठी क्रमवार धडे मोफत आहेत. पण व्हिडिओला तुमचं मनगट दिसत नाही. म्हणून सुरुवातीला निदान पाच-सहा वेळा समोर बसून शिकवणाऱ्या शिक्षकांकडे जा. बसणं आणि हात धरणं सुधारलं की पुढचं बरंचसं घरी जमतं. वर्गात बाकी सगळी दहा वर्षांची मुलं असतील तर संकोच वाटणं साहजिक आहे. शिक्षकांना स्पष्ट सांगा, "मला परीक्षा द्यायची नाही, चार गाणी वाजवायची आहेत." चांगले शिक्षक त्याप्रमाणे शिकवतात.

तिसरा महिना जपा

पहिल्या महिन्यात नवलाई असते. दुसऱ्यात बोटं सरावतात. तिसऱ्यात वाटतं, आपण होतो तिथेच आहोत. गिटार परत कपाटावर जाते ती साधारण याच वेळी. यासाठी पहिल्या दिवसापासून महिन्यातून एकदा मोबाईलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करून ठेवा. कुणाला पाठवू नका. तिसऱ्या महिन्यात पहिलं रेकॉर्डिंग ऐका. फरक स्वतःच्या कानांनी कळेल.

रील्समधल्या पोरांशी तुलना करू नका. त्या तीस सेकंदांमागे किती टेक वाया गेले ते दिसत नाही. आणि बोटं जाड आहेत, आखूड आहेत असं वाटेल तेव्हा जँगो राइनहार्टची आठवण काढा. १९२८ मध्ये आगीत भाजल्याने त्याच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळपास निकामी झाली होती. उरलेल्या दोन बोटांवर मुख्य भिस्त ठेवून त्याने नवी पद्धत बसवली आणि तो युरोपातल्या जॅझचा सर्वांत मोठ्या गिटारवादकांपैकी एक झाला. आपल्याकडे तर चारही बोटं शाबूत आहेत!

शेवटी, ध्येय लहान ठेवा. पुढच्या कोजागरीला गच्चीवर दूध आटत असताना एक गाणं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता. बहीण गाईल, काकू टाळ्या धरतील, एखादी कॉर्ड चुकेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. तेवढ्यासाठी रोज पंधरा मिनिटं पुरतात.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर ती गिटार खाली उतरवा. धूळ पुसा, तारा बदला आणि ई मायनर वाजवून बघा. दोनच बोटं लागतात!